पिवळा फोटो नावाची थाप

आपल्या मंडळाच्या अंकात दर वर्षी एक तरी कविता अशी असतेच, जिच्यात आठवणी ‘जुन्या पिवळ्या फोटोसारख्या’ असतात. मागच्या तीन अंकांत मिळून मी अशा पाच मोजल्या. एका कथेतला फोटो तर ‘काळाने पिवळा केलेला’ होता, आणि कथेतल्याच हिशोबानं तो १९८५ सालच्या लग्नातला रंगीत फोटो होता. त्या सालचा रंगीत फोटो पिवळा होत नाही हो, लालसर होतो. कथा चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. पण आपण सगळे जे न बघता लिहितो, त्याचा हा एक नमुना. आणि माझं म्हणणं असं, की हे न बघणं फक्त उपमेपुरतं राहिलेलं नाही. त्यापायी आपल्या घराघरांतली एक चीज गेली पंधरा-वीस वर्षं कचऱ्यात चालली आहे. ती म्हणजे निगेटिव्ह.

आधी पिवळ्याचं मिटवून टाकते. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे, तेव्हा एवढा हक्क मला द्या.

काळ्यापांढऱ्या फोटोतला काळा रंग ही शाई नसते. ती चांदी असते. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण बसवलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणांत न दिसणारा फरक होतो. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर प्रकाश पडलेल्या कणांची शुद्ध चांदी होते, आणि इतकी बारीक चांदी चकाकत नाही, काळी दिसते. उरलेले, प्रकाश न लागलेले कण हायपोच्या पाण्यात विरघळवून काढून टाकायचे. मग तो हायपोही स्वच्छ पाण्यानं धुऊन काढायचा. ‘फोटो धुवायला दिलाय’ असं आपले आजोबा म्हणायचे, ते शब्दशः खरं होतं. हे शेवटचं धुणं घाईत उरकलं, तर हायपोतलं गंधक मागे राहतं आणि वर्षानुवर्षं चांदीला खात बसतं. फोटो पिवळा पडतो. म्हणजे तो पिवळेपणा काळाचा नाही. लग्नसराईत शंभर कामं अंगावर घेतलेल्या स्टुडिओवाल्याचा आहे, किंवा त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं त्याचा आहे. नीट धुतलेला, कोरड्या जागी ठेवलेला फोटो शंभर वर्षांनीही काळापांढराच राहतो.

आणि तो जो सुंदर तपकिरी रंग असतो, ज्याला आपण सेपिया म्हणतो, तो तर मुद्दाम दिलेला असायचा. त्यात चांदीचं सल्फाइड करतात, म्हणजे पुन्हा गंधकच. गंमत अशी की चुकून राहिलेलं गंधक फोटो बिघडवतं आणि जाणूनबुजून दिलेलं गंधक त्याला जास्त टिकाऊ करतं. मोबाइलमधला ‘सेपिया’ फिल्टर दाबून आपण फोटो ‘जुना’ करतो. ज्यांनी तो रंग शोधला, त्यांना फोटो जुना करायचा नव्हता, टिकवायचा होता.

रंगीत फिल्मची गोष्ट मुळातून वेगळी आहे. तिच्यात एकावर एक असे निदान तीन थर असतात. एक निळा प्रकाश ओळखतो, एक हिरवा, एक लाल. डेव्हलप होताना प्रत्येक थरात चांदीच्या सोबतीनं रंगद्रव्य तयार होतं आणि मग चांदी सगळी काढून टाकतात. शेवटी हातात जे उरतं ते फक्त रंग. चांदी धातू आहे, सहजी हलत नाही. रंगद्रव्य सेंद्रिय असतं, ते उष्णतेनं, दमटपणानं, प्रकाशानं हळूहळू मोडतं, आणि तिन्ही रंग एकाच वेगानं मोडत नाहीत, ही खरी अडचण. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी प्रिंट्समध्ये अल्बमच्या अंधारातही निळसर-हिरवा रंग आधी गेला, म्हणून मागे लाली उरली. भिंतीवर उन्हाच्या तिरिपेत लावलेले फोटो उलटे, निळसर होत गेले.

थोडक्यात, तुमच्या पणजीचा फोटो तुमच्या आईच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त जगणार आहे. हे ऐकून माझी आई चांगलीच चिडली होती. ‘एवढे पैसे मोजले होते की गं कलरला!’

माझी पहिली तक्रार इथेच आहे. ‘फिल्मवरचा फोटो’ असं आपण एकच काहीतरी असल्यासारखं बोलतो. अ‍ॅपमध्ये ‘फिल्म लुक’ नावाचं एक बटण असतं. दाबलं की थोडे दाणे, थोडा फिकट रंग, कोपऱ्यात नारिंगी डाग. पण फिल्म ही एक वस्तू कधीच नव्हती. ज्वारीची भाकरी आणि मैद्याचा पाव यांना दोघांनाही ‘पीठ लुक’ म्हणावं, तसं आहे हे. प्रत्येक फिल्म जगातलं काही बघायची आणि काही बघायची नाही. कुठली काय बघत नव्हती हे कळल्याशिवाय जुना फोटो वाचता येत नाही. साहित्य मंडळात ‘वाचता येत नाही’ हा गुन्हा मानला जात असेल असं मी धरून चालते.

एक उदाहरण घेऊ. सुरुवातीच्या फोटोच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागत. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं. ढग नव्हते असं नाही, काचेला ते दिसत नव्हते. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलनं काचेवरच्या थरात विशिष्ट रंग मिसळला तर ती हिरवाही ओळखते हे दाखवलं. यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. हिला निळा आणि हिरवा दिसतो, लाल दिसत नाही. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण ऑर्थो पुढेही बरीच वर्षं टिकली. कारण अगदी व्यवहारी होतं. तिला लाल दिसत नाही, म्हणजे डार्करूममध्ये लाल दिवा लावून डोळ्यांनी बघत डेव्हलप करता येतं. पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख लागतो.

आता घरातला खूप जुना फोटो काढून बघा. कपाळावरचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं काळंकुट्ट दिसतंय, ओठ काळसर आहेत, तर ती फिल्म ऑर्थो असण्याची शक्यता मोठी. लाल तिच्यासाठी अंधारच होता. गोव्याकडे ख्रिस्ती नवरी लाल ‘सादो’ नेसते, तोही अशा फिल्मवर काळा येणार. आणि ज्यांनी जुन्या मराठी कादंबऱ्या वाचल्यात त्यांच्यासाठी: केशवपन केलेल्या विधवेचं लाल आलवण. अशा फोटोत कोपऱ्यात बसलेली बाई काळ्या लुगड्यात आहे असं आपण बिनधास्त लिहून मोकळे होतो. ती काळ्यात नसेल. ती लाल आलवणात असेल, आणि त्या एका रंगात तिची सगळी गोष्ट असेल. फिल्मचा प्रकार माहीत नसला की बाईचं आयुष्यच चुकीचं वाचलं जातं. याला मी किरकोळ तांत्रिक बाब म्हणणार नाही.

याच ऑर्थोमुळे आपल्यासारख्या सावळ्या माणसांची आणखी एक पंचाईत झाली. आपल्या कातडीत लाल-तपकिरी छटा जास्त. फिल्म ती ओळखत नाही, म्हणजे चेहरा आहे त्याहून काळा येतो, पुळ्या आणि वांग ठळक होतात. मग काय, रिटचिंग! जुने कारागीर टोकदार पेन्सिल घेऊन थेट निगेटिव्हवर बारीक रेघा मारत. निगेटिव्हवर जिथे ग्रॅफाइट चढलं तिथे प्रिंट उजळ. मुलगी ‘दाखवायचा’ फोटो असेल तर हात जरा जास्तच सैल. आज ब्यूटी फिल्टरवर भाषणं देणाऱ्या मावशी-काकूंना हे जरूर सांगावं.

रंगीत फिल्म आली तेव्हा हे सुटायला हवं होतं. सुटलं नाही. प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. ‘शर्ली कार्ड’ असं त्याचं नावच पडलं. तिची कातडी नीट आली की मशीन नीट, असा हिशोब. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेनं कोडॅकच्या जुन्या लोकांना विचारलं, तेव्हा तपकिरी छटांबद्दल कंपनीवर आधी दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांकडून, असं त्यांनी सांगितलं. चॉकलेटचे दोन प्रकार फोटोत वेगळे ओळखू येईनात. माणसांच्या तक्रारींपेक्षा कपाटांच्या तक्रारींना वजन आलं. फिल्म पुढे सुधारली, कार्डांवरही वेगवेगळ्या वर्णाच्या बायका आल्या, पण तोवर आपले कितीतरी अल्बम भरून झाले होते. तेव्हा ‘फिल्म खरं दाखवते, डिजिटल खोटं’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. खरं कुणासाठी, ते आधी सांगा.

आता वेगाचं थोडक्यात. रोलवर १००, २००, ४०० असे आकडे असायचे. आधी एएसए म्हणत, पुढे आयएसओ. आकडा दुप्पट झाला की तेवढ्याच फोटोला निम्मा प्रकाश पुरतो. शंभरच्या रोलपेक्षा चारशेचा रोल चौपट जागरूक. पण फुकट काही मिळत नाही. जागरूक फिल्मचे कण मोठे असतात, म्हणून फोटो मोठा केला की दाणे दिसतात. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर हे दाणे सोसून चारशेच वापरत, कारण सभा संध्याकाळी असायच्या आणि पुढारी फ्लॅशसाठी थांबत नसत. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून पस्तीस मिलिमीटरमध्ये मिळू लागली. ती आणि इल्फर्डची एचपी मालिका यांवर जगभरच्या वार्ताचित्रांची दोन-तीन दशकं उभी आहेत. पुढे कण चपटे करून दाणे कमी करायची युक्ती निघाली, कोडॅकनं १९८६ मध्ये टी-मॅक्स काढली. ती नीटस आहे. मला ट्राय-एक्सच आवडते. तिच्या दाण्यांना एक खरखरीतपणा आहे, चुलीवरच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. हे माझं वैयक्तिक मत, त्याला केमिस्ट्रीचा आधार नाही.

दाण्यांचा दुसरा इलाज म्हणजे निगेटिव्हच मोठी घ्यायची. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत गाजलेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा बडोद्यात बनायचा, हे आपल्या बडोद्याच्या वाचकांना कदाचित माहीत असेल. त्यात १२० नंबरचा रोल लागायचा, बारा फोटो निघायचे. निगेटिव्ह सुमारे सहा सेंटिमीटरची चौकोनी, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून जास्त क्षेत्रफळ. भिंग साधंच, पण एवढ्या मोठ्या निगेटिव्हमुळे ते खपून जायचं. आणि आपल्या देशात फिल्मही बनायची. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला. त्याच्या मालाचं नाव ‘इंदू’. इंदू म्हणजे चंद्र. चांदीवर चालणाऱ्या धंद्याला याहून चांगलं नाव सापडलं नसतं. डिजिटलच्या लाटेआधीच कारखाना आजारी पडला, नंतर बंद झाला. इंदूच्या निगेटिव्ह मात्र आपल्या माळ्यांवर अजून असतील.

स्लाइड या प्रकारावर मला जरा थांबायचंय, कारण आपल्या पिढीनं ती बघितलेलीच नाही. स्लाइड म्हणजे पॉझिटिव्ह. प्रिंट काढायची गरजच नाही, तीच शेवटची वस्तू, उजेडासमोर धरली की चित्र. पण ती फार मानी. प्रकाश थोडा जास्त झाला की पांढरा भाग कायमचा कोरा. रंगीत निगेटिव्ह त्या मानानं गरीब गाय आहे, विशेषतः प्रकाश जास्त झाला तर बरंच पोटात घालते. म्हणून लग्नाचा फोटोग्राफर निगेटिव्ह वापरायचा आणि कॅलेंडर, मासिकांची मुखपृष्ठं यांच्यासाठी छापखानेवाले स्लाइड मागायचे. लग्नात पुन्हा अंतरपाट धरायला कोण सांगणार?

स्लाइडमधली राणी कोडाक्रोम. लिओपोल्ड मॅनस आणि लिओपोल्ड गोडोवस्की या दोघांनी ती घडवली, आणि दोघेही मूळचे संगीतकार. सिनेमासाठी १९३५ मध्ये आणि स्थिरचित्रणासाठी १९३६ मध्ये ती बाजारात आली. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं थरातच बसवलेली असतात. कोडाक्रोममध्ये ती नसायची, धुताना एकेक करून घालायची. त्यामुळे धुणं भलतं अवघड, साध्या लॅबचं काम नव्हे. पण अंधारात ठेवलेल्या स्लाइडचे रंग दशकानुदशकं जसेच्या तसे. रघुबीर सिंह यांनी भारताचे रस्ते, नद्या, गर्दी यांचे जे रंग पकडले ते याच फिल्मवर. २००९ मध्ये कोडॅकनं ती बंद केल्याचं जाहीर केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला, आणि त्यातल्या छत्तीस फोटोंपैकी काही त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात येऊन काढले. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका लॅबनं २०१० च्या डिसेंबरअखेर कोडाक्रोम धुणं थांबवलं. आज तुमच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर तो त्याच्या खऱ्या रंगांत कधीच दिसणार नाही. फार तर काळापांढरा धुता येईल. एक आख्खी बघण्याची पद्धत बंद झाली, म्हणजे भाषा मरते तसंच की हे.

फुजीची वेल्व्हिया १९९० ची. गवत असं हिरवं दाखवते की गाईलाही संशय यावा. निसर्गवाल्यांना प्रिय आहे. मला नाही.

आता मुद्द्यावर येते. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आपल्या काही मित्रांनी सुचवलंय की फिल्मचे कॅमेरे मिळवून, दहा रोल मागवून ‘अ‍ॅनालॉग बेळगाव’ असं प्रदर्शन भरवावं. कल्पना छान आहे. रोल, धुणं, स्कॅनिंग धरून एकेका रोलचा खर्च हजाराच्या पुढे सहज जातो, तोही मी मोठा मानत नाही. पण किल्ल्याचे आणि खडेबाजाराचे तीनशे साठ नवे दाणेदार फोटो काढून आपण काय मिळवणार? तेच रस्ते, तेव्हाचे, त्यातल्या तेव्हाच्या माणसांसकट, आपल्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत पडलेले आहेत. ते पैसे आणि ती मेहनत यंदा त्यांच्यावर घालूया असं माझं म्हणणं आहे.

‘मोबाइलवर जुन्या फोटोंचे फोटो काढून ठेवलेत की सगळ्यांनी,’ असं मला लगेच ऐकवलं गेलं. ठेवलेत, पण प्रिंटचे. प्रिंट ही निगेटिव्हची एकदाच केलेली एक मांडणी असते. स्टुडिओवाल्यानं काय उजळ ठेवायचं, काय काळोखात जाऊ द्यायचं, कुठे कापायचं हे ठरवून टाकलेलं असतं. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. पांढऱ्या धोतराच्या चुण्या, दाराआडचा अंधार, कडेला उभं असलेलं आणि कापून टाकलेलं मोलकरणीचं पोर, सगळं तिथे असतं. प्रिंट स्कॅन झाली म्हणून निगेटिव्ह भंगारात देणं म्हणजे परीक्षण वाचलं म्हणून कादंबरी रद्दीत घालणं.

निगेटिव्हची किंमत काय असते ते बघायचं तर लाला दीनदयाळ बघावेत. हा माणूस इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या कामावर होता. १८७० च्या दशकात कॅमेरा हातात घेतला आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं विकत घेतल्या. काच ताणत नाही, आकसत नाही, आंबत नाही, फुटते तेवढी. म्हणून शंभर वर्षांनीही त्यांच्या नव्या प्रिंट्स काढता येतात. बाकीच्या शेकडो लहान स्टुडिओंना ना निजाम भेटला ना कला केंद्र. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, एक्स-रेच्या फिल्मसुद्धा भंगारवाले त्यासाठीच मागतात. दुकान बंद करताना खोकी कुठे जात असतील ते सांगायला नकोच.

काचेनंतरच्या फिल्मला मात्र वेळ कमी आहे, आणि हवामान आपल्या बाजूनं नाही. जुन्या नायट्रेट फिल्म पेट घेत, म्हणून ‘सेफ्टी फिल्म’ आली, सेल्युलोज अ‍ॅसिटेटची. ती पेटत नाही, आंबते. उष्ण, दमट जागी ती हळूहळू मोडते आणि अ‍ॅसिटिक आम्ल सोडते, म्हणजे आपलं स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. डबा उघडल्यावर लोणच्यासारखा आंबट वास आला तर ती सुरुवात. पुढे फिल्म आकसते, वाकडी होते, वरचा थर सुरकुतून सुटतो. सुटलेलं आम्ल मोडण्याचा वेग आणखी वाढवतं आणि शेजारच्या धडधाकट फिल्मलाही लागण करतं. कोडॅक कंपनीकडे या रोगाची पहिली तक्रार पन्नाशीच्या दशकात गेली, आणि ती केली होती भारत सरकारनं. आपला पावसाळा तेव्हापासून या कामात पुढे आहे. बेळगावात जून ते सप्टेंबर चपलांवर बुरा येतो. जिलेटिनच्या थरावर येणार नाही का?

सीमाभागातल्या आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट बोलून ठेवते, राजकारण करायचं नाहीये. इथल्या मराठी घरांचा रोजचा इतिहास सरकारी दप्तरात फार थोडा आहे. कोण कुणाच्या लग्नाला आलं, शाळेच्या गॅदरिंगला कुठलं नाटक बसलं, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी चर्चसमोर कोण कोण उभं होतं, गल्लीच्या गणपतीत हार्मोनियमवर कोण होतं, हे कुठल्याही गॅझेटात नाही. ते निगेटिव्हच्या पाकिटांत आहे, आणि पाकिटावर स्टुडिओवाल्याच्या वळणदार मराठीत नाव आणि तारीख आहे. दुकानांच्या पाट्या बदलल्या. पाकिटं बदललेली नाहीत.

एक आक्षेप मात्र मला पटतो. बंद पडलेल्या स्टुडिओची खोकी मिळाली, तर त्यांत परक्यांचे चेहरे असणार. मोडलेल्या लग्नांचे फोटो असतील, दाखवायचे फोटो असतील, गेलेल्या माणसाचा खुर्चीत बसवून काढलेला शेवटचा फोटो असेल. ते उचलून इन्स्टाग्रामवर टाकणं मला चालणार नाही. म्हणून सुरुवात आपापल्या घरापासून, घरच्यांना विचारून. स्टुडिओची खोकी मिळालीच तर ती फक्त वाचवून, यादी करून ठेवायची. दाखवायचं काय ते त्या घरची माणसं ठरवतील.

काम मेमध्ये, पाऊस लागायच्या आत व्हायला हवं. लागतं फार थोडं. नारिंगी झाक असलेली निगेटिव्ह रंगीत. करडी असेल ती बहुधा काळीपांढरी. ‘बहुधा’ म्हणते, कारण इल्फर्डची एक्सपी ही फिल्म काळीपांढरी असूनही रंगद्रव्यावर चालते, चांदीवर नाही. वाचवताना रंगीत आणि आंबट वासाच्या निगेटिव्ह आधी घ्या. चांगल्या काळ्यापांढऱ्या थांबू शकतात. टॅबच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, मध्ये ट्रेसिंग पेपर ठेवा, पडद्यापासून थोडं उंच निगेटिव्ह धरा, मोबाइलनं फोटो घ्या आणि रंग उलटे करा. नारिंगी झाकेमुळे रंगीत फोटो आधी निळाभोर येईल, घाबरू नका, तो सुधारता येतो. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि आज्जीचा चेहरा फडक्याला येतो.

आंबट वासाच्या निगेटिव्ह वेगळ्या डब्यात आणा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतील तर ते काढून कोऱ्या पांढऱ्या कागदात घाला. आणि आणण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून पाकिटांवर नावं घालून घ्या, पेन्सिलनं, निगेटिव्ह बाहेर काढून. बॉलपेनचा दाब फिल्मवर उमटतो.